गुन्हेतपास मालिका, दूरचित्रवाणीवरील

गुन्हा, त्याचा शोध व त्याची उकल यांभोवती गुंफलेली आणि भागाभागांनी प्रक्षेपित होणारी दूरचित्रवाणीवरील नाट्यकृती. पोलीस अधिकारी, खाजगी शोधक, वकील वा न्यायवैद्यक तज्ञ हे तिचे प्रमुख पात्र असते. जगातील बहुतेक देशांत हा दूरचित्रवाणीवरील सर्वांत टिकाऊ प्रकारांपैकी एक ठरला आहे. विपुल निर्मितीमुळे त्याचा एक ठरीव साचा तयार झाला असून, बहुसंख्य मालिका त्या साच्यातच राहतात. थोड्याच मालिका त्याबाहेर पडून समाजाच्या स्मरणात राहतात. हा फरक गुन्ह्याच्या भीषणतेवर, पाठलागाच्या वेगावर अथवा खर्चाच्या प्रमाणावर अवलंबून नसतो. गुन्हा जेथे घडतो ते स्थळ, तपास या कामाचे खरे स्वरूप आणि गुन्ह्याचे मागे उरणारे परिणाम या तीन गोष्टींचा हिशेब मालिका प्रामाणिकपणे ठेवते की नाही, यावर तिची योग्यता ठरते. पोलीस ठाण्याची वा न्यायालयाची पायरी क्वचितच चढणाऱ्या सामान्य नागरिकाची कायद्याविषयीची कल्पना बऱ्याच अंशी अशा मालिकांतून घडत असल्याने, या प्रश्नास केवळ कलाविषयक नव्हे, तर नागरी महत्त्वही आहे.

ठरीव साचा : आठवड्यास एक भाग, प्रत्येक भागात एक प्रकरण आणि भागाच्या शेवटी त्याचा निकाल, ही नेहमीच्या पोलीस मालिकेची रचना होय. प्रारंभी प्रेत सापडते. तीन-चार संशयित पुढे येतात. प्रयोगशाळेचा अहवाल काही मिनिटांत हाती पडतो. अखेरीस संशयितास दरडावले वा मारले जाते आणि तो कबुली देतो. या साच्याची कारणे मुख्यतः व्यावसायिक आहेत. कोणताही भाग प्रथमच पाहणाऱ्यास तो समजला पाहिजे, भागांचा क्रम बदलला तरी बिघडता कामा नये आणि जाहिरातींसाठी ठरावीक अंतराने उत्कंठेचे टप्पे यावेत, या गरजांतून तो निर्माण झाला. त्यामुळे पात्रे बदलत नाहीत, मृताचे कुटुंब पुढील भागात विसरले जाते आणि प्रत्येक गुन्हा पूर्णपणे ‘सुटतो’. या रचनेत प्रेक्षकास मिळणारा दिलासा खरा असला, तरी तो मिळवण्यासाठी तपासातील जवळजवळ सर्व अडचणी वगळाव्या लागतात.

पाश्चात्त्य देशांतील विकास : अमेरिकेत जॅक वेब यांनी प्रथम नभोवाणीवर (१९४९) व नंतर दूरचित्रवाणीवर (१९५१–५९) आणलेल्या ‘ड्रॅगनेट’ या मालिकेने लॉस अँजेल्स पोलिसांच्या दप्तरातील प्रकरणांचा आधार घेऊन तपासाची कोरडी, पायरीपायरीची मांडणी रूढ केली. ब्रिटनमध्ये ‘डिक्सन ऑफ डॉक ग्रीन’ (१९५५–७६) या मालिकेतील वडीलधारा, सज्जन पोलीस शिपाई लोकप्रिय झाला. त्या चित्राला ‘झेड कार्स’ (१९६२–७८) या मालिकेने छेद दिला. उत्तर इंग्लंडमधील एका कल्पित औद्योगिक वसाहतीत गस्त घालणारे, घरगुती कटकटींनी त्रस्त असलेले आणि प्रसंगी चुकणारे पोलीस तिने दाखवले. ‘कोलंबो’ (नियमित प्रक्षेपण १९७१ पासून) या मालिकेत खुनी कोण हे आरंभीच सांगितले जाई. त्यामुळे ‘कोणी केले’ याऐवजी ‘ते सिद्ध कसे होणार’ हा प्रश्न मध्यवर्ती झाला.

‘हिल स्ट्रीट ब्लूज’ (१९८१–८७) या मालिकेने एका भागात अनेक कथासूत्रे चालवून ती पुढील भागांत नेली. सर्व प्रकरणे सुटत नाहीत आणि ठाण्यावरील दिवस संपला तरी काम संपत नाही, हे तिच्या रचनेतूनच प्रेक्षकास कळे. ब्रिटनमधील ‘प्राइम सस्पेक्ट’ (१९९१) या मालिकेत हेलन मिरेन यांनी रंगवलेल्या स्त्री अधिकाऱ्यास खुन्याइतकाच आपल्या सहकाऱ्यांच्या पूर्वग्रहांशीही सामना द्यावा लागतो. बाल्टिमोर येथील वार्ताहर डेव्हिड सायमन आणि पूर्वाश्रमीचे पोलीस अधिकारी व शिक्षक एड बर्न्स यांनी घडवलेल्या ‘द वायर’ (२००२–०८) या पाच पर्वांच्या व साठ भागांच्या मालिकेत अमली पदार्थांच्या व्यापारापासून गोदी, नगरपालिका, शाळा व वृत्तपत्र यांपर्यंत संपूर्ण शहरच तपासाचा विषय बनले.

या संदर्भात जर्मनीतील ‘टाटोर्ट’ या मालिकेचा विशेष उल्लेख करावा लागतो. ‘घटनास्थळ’ असा अर्थ असलेली ही मालिका १९७० पासून चालू आहे. तेथील निरनिराळी प्रादेशिक प्रक्षेपण केंद्रे आपापल्या शहरात, आपापल्या तपास पथकासह तिचे भाग निर्माण करतात. त्यामुळे एकाच नावाखाली प्रत्येक प्रदेशाची बोली, उद्योग व सामाजिक ताण दिसत राहतात. शीर्षकातच स्थळाला मान देणाऱ्या या मालिकेचे दीर्घायुष्य हे प्रादेशिकता लोकप्रियतेच्या आड येत नाही, याचे प्रमाण होय.

मराठीतील पूर्वपीठिका : मराठीत या प्रकारास मोठा वाचकवर्ग आधीच लाभला होता. बाबूराव अर्नाळकर (१९०६–९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, धनंजय, काळा पहाड हे नायक गावोगावच्या वाचनालयांतून घराघरांत पोहोचले. पुढे गुरुनाथ नाईक यांनी ही परंपरा चालवली. या कथांतील शोधक हा चातुर्य व साहस यांचा पुतळा असे. पोलीस हे बहुधा त्याच्या मागाहून येत. पोलिसाच्या मनाकडे व त्याच्या नोकरीकडे वळणारी दृष्टी मराठीत वेगळ्या वाटेने आली. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकर यांनी पटकथा लिहिलेला आणि गोविंद निहलानी यांनी दिग्दर्शित केलेला ‘अर्धसत्य’ (१९८३) हा हिंदी चित्रपट तिचे ठळक उदाहरण होय. त्यातील फौजदार अनंत वेलणकर याच्या हातून कोठडीत एका आरोपीचा मृत्यू ओढवतो. नेहमीच्या पोलीसपटात जो मार न्यायाचे साधन म्हणून दाखवला जातो, तो येथे नायकाच्या अधःपाताचे कारण ठरतो. हा चित्रपट दूरचित्रवाणीसाठी केलेला नसला, तरी पुढील काळातील सर्व गंभीर पोलीस मालिकांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

दूरदर्शनचा काळ : मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८४ मध्ये ‘हमलोग’ या मालिकेपासून प्रायोजित मालिकांचे युग अवतरले. पुढच्याच वर्षी पंकज पराशर दिग्दर्शित ‘करमचंद’ ही विनोदाची झाक असलेली हिंदी शोधमालिका लोकप्रिय झाली. १९९३ मध्ये बासू चतर्जी यांनी शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या कथांवरून ‘व्योमकेश बक्षी’ सादर केली. वेग, मारामारी यांना फाटा देऊन जुन्या बंगालमधील माणसांचे लोभ, मत्सर व भय यांच्या निरीक्षणावर तिने भर दिला.

मराठीत या काळातील सर्वांत महत्त्वाची मालिका म्हणजे मुंबई दूरदर्शनवरील ‘एक शून्य शून्य’ ही होय. त्या काळी पोलीस नियंत्रण कक्षाचा जो दूरध्वनी क्रमांक होता, तोच तिने शीर्षक म्हणून घेतला. मुंबई पोलिसांनी तपासलेल्या प्रत्यक्ष प्रकरणांवर ती आधारलेली होती. तिचे दिग्दर्शक बी. पी. सिंग हे पुण्याच्या चित्रपट संस्थेत छायालेखन शिकलेले आणि मुंबई दूरदर्शनवर वृत्तछायालेखक म्हणून काम केलेले असल्याने, घटनास्थळाकडे पाहण्याची वार्तापटाची सवय तिच्या चित्रणात उतरली. शिवाजी साटम यांनी रंगवलेला पोलीस अधिकारी हा चाळीत, लोकलगाडीत सहज भेटावा असा माणूस होता. चाळ, गिरणगाव, बाजार, खाडीकाठ ही तिची स्थळे प्रेक्षकांच्या परिचयाची होती आणि तपासात चिकाटीला, विचारपूस करीत हिंडण्याला चमत्कारापेक्षा अधिक वाव होता. रमेश भाटकर (१९४९–२०१९) यांची भूमिका असलेली ‘हॅलो इन्स्पेक्टर’ ही मालिकाही दूरदर्शनच्या मराठी प्रेक्षकांत गाजली.

खाजगी वाहिन्यांचा काळ : खाजगी वाहिन्यांच्या विस्तारानंतर निर्मितीचे प्रमाण बदलले. ‘एक शून्य शून्य’चे दिग्दर्शक व प्रमुख नट हीच जोडी १९९८ मध्ये सोनी वाहिनीवर ‘सी. आय. डी.’ ही हिंदी मालिका घेऊन आली. ती २०१८ पर्यंत सलग वीस वर्षे चालली व डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. एकशे अकरा मिनिटांचा एक संपूर्ण भाग एकाच सलग चित्रणात घेण्याचा तिचा २००४ मधील प्रयोग तांत्रिक दृष्ट्या उल्लेखनीय ठरला. सहायक पोलीस आयुक्त प्रद्युम्न, दया, अभिजित व डॉ. साळुंखे ही पात्रे सर्व वयोगटांना प्रिय झाली. रक्तपात मर्यादित ठेवून कुटुंबाने एकत्र बसून पाहावी अशी गुन्हेमालिका शक्य आहे, हे तिने दाखवले. तथापि दीर्घकाळ चालण्यासाठी जो साचा आवश्यक असतो, तो येथे पूर्णत्वास गेला : दार तोडणे, तत्काळ मिळणारा अहवाल, थप्पड आणि कबुली. एकाच जोडीच्या दोन मालिकांतील हे अंतर कलावंतांच्या गुणवत्तेचे नव्हे, तर निर्मितीच्या पद्धतीचे आहे. मर्यादित भागांच्या व प्रत्यक्ष प्रकरणांशी बांधलेल्या मालिकेला जी शिस्त असते, ती अखंड चालणाऱ्या मालिकेत टिकणे अवघड असते.

मराठी वाहिन्यांवर ‘लक्ष्य’, ‘अस्मिता’ (२०१४) यांसारख्या तपासमालिका आल्या. झी युवा वाहिनीवरील ‘रुद्रम’ (२०१७) ही मुक्ता बर्वे यांची मालिका मर्यादित भागांची होती. आपल्या कुटुंबाच्या मृत्यूचा माग काढणाऱ्या स्त्रीची एकच कथा तिने शेवटापर्यंत नेली. सातारा जिल्ह्यातील वाई येथे २०१६ मध्ये उघडकीस आलेल्या हत्यांच्या प्रकरणाची छाया असलेली ‘देवमाणूस’ (२०२०) ही मालिका गुन्हेगारालाच केंद्रस्थानी ठेवते. गावाने डॉक्टर म्हणून ज्यावर श्रद्धा ठेवली, तोच घातकी निघतो, हे तिचे मूळ सूत्र सामाजिक दृष्ट्या अर्थपूर्ण आहे. तथापि दैनंदिन मालिकेच्या गरजेने ते बरेच ताणले गेले.

तपासाचे वास्तव : साचेबंद मालिकेत काय हरवते, हे महानगराबाहेरील एखाद्या ठाण्याच्या उदाहरणाने स्पष्ट होते. नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यातील खापा हे कन्हान नदीकाठचे गाव हातमागावरील विणकाम व परिसरातील मँगॅनीजच्या खाणी यांसाठी ओळखले जाते. तेथील पोलीस ठाणे हे शहराच्या आयुक्तालयाखाली नव्हे, तर नागपूर ग्रामीण पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीत येते. अशा ठिकाणी मृत्यूची खबर आली, म्हणजे प्रथम गावातीलच पंच मिळवून घटनास्थळाचा व प्रेताचा पंचनामा करावा लागतो. मुद्देमाल मोहोरबंद होऊन त्याचे नमुने नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेकडे जातात व त्यांच्या अहवालाची वाट पाहावी लागते. अटक केलेल्या इसमास चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे आवश्यक असते आणि गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार साठ वा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र दाखल न झाल्यास आरोपी जामिनास पात्र ठरतो. पंच व साक्षीदार हे आरोपीचे शेजारी, आप्त वा त्याच्याकडे मजुरीस जाणारे असू शकतात. वर्षांनंतर न्यायालयात ते फितूर झाले, तर खरा तपासही वाया जातो. मुदत, अंतर आणि शेजारधर्म यांतील हा ताण कोणत्याही पाठलागापेक्षा कमी नाट्यमय नाही. महानगरातील गुन्हे शाखेच्या चकचकीत कचेरीत रमलेल्या मालिकांना मात्र त्याचा पत्ता नसतो.

कबुलीच्या प्रसंगाचीही हीच गत आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम २५ नुसार पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नसे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये हेच तत्त्व कायम ठेवले आहे. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियमासारखे (१९९९) विशेष कायदे याला अपवाद आहेत. एरवी कबुलीच्या आधारे एखादी वस्तू प्रत्यक्ष हस्तगत झाली, तर तिच्याशी संबंधित तेवढाच भाग ग्राह्य धरला जातो. मारून वदवलेल्या शब्दांवर कोणाचेही स्वातंत्र्य वा प्राण अवलंबून राहू नयेत, हा या नियमाचा हेतू होय. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात (१९९६) अटकेच्या वेळी पाळावयाचे दंडक घालून दिले, तेही कोठडीतील अत्याचारांच्या पार्श्वभूमीवर. म्हणजेच साचेबंद मालिका ज्या क्षणी ‘प्रकरण सुटले’ असे जाहीर करते, त्या क्षणी कायद्याच्या दृष्टीने काहीच सिद्ध झालेले नसते. मार देणारा पोलीस हाच कार्यक्षम पोलीस, ही समजूत अशा शेकडो भागांतून दृढ होते आणि तिची किंमत पडद्यावरील नव्हे, तर कोठडीतील खऱ्या माणसास मोजावी लागते.

अलीकडील प्रयत्न : आंतरजालावरील प्रक्षेपणामुळे मर्यादित भागांच्या मालिकेस पुन्हा अनुकूल काळ आला. रिची मेहता यांची ‘दिल्ली क्राइम’ (२०१९) ही २०१२ च्या दिल्लीतील अत्याचार प्रकरणाच्या तपासावर आधारलेली मालिका २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय एमी पारितोषिकाची मानकरी ठरली. वाहने व माणसे यांची टंचाई, पोलिसांची झोप व घर यांची ओढाताण तिने बारकाईने टिपली. तथापि सर्व घटना पोलिसांच्याच नजरेतून दिसत असल्याने तिचे सत्य एकांगी राहते, असा आक्षेपही तिच्यावर घेण्यात आला.

मराठीत या दृष्टीने ‘मानवत मर्डर्स’ (२०२४) ही आशिष बेंडे दिग्दर्शित मालिका विशेष महत्त्वाची आहे. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात स्त्रिया व लहान मुली यांच्या खुनांची मालिका घडली होती. गुप्तधन व संतती यांविषयीच्या अंधश्रद्धेशी तिचा संबंध जोडला गेला आणि खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मुंबईतील रामन राघव प्रकरणाच्या (१९६८) तपासामुळे ख्याती पावलेले पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांना या तपासासाठी पाठवण्यात आले. त्यांच्या आठवणींवर ही मालिका आधारली असून, त्यांची भूमिका आशुतोष गोवारीकर यांनी केली आहे. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यास मराठवाड्यातील गावाची भाषा, मौन व भय समजून घ्यावे लागते, हाच येथे तपासाचा मुख्य भाग ठरतो. गुन्हा एका व्यक्तीच्या विकृतीत संपत नाही, त्यामागे एक सामूहिक समजूत उभी असते, हे अशा कथेतून प्रेक्षकास उमगते. नरबळी व अघोरी प्रथा यांविरुद्ध महाराष्ट्रास २०१३ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, हे लक्षात घेता या विषयाची प्रस्तुतता ध्यानात येईल.

नागपूरशी निगडित असे एक प्रकरणही मालिकेचा विषय झाले आहे. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात कस्तुरबानगर वस्तीतील जमावाने, ज्यात मुख्यतः स्त्रिया होत्या, अक्कू यादव या गुंडास ठार केले. वर्षानुवर्षे आपल्या तक्रारींची दाद लागली नाही, असे या स्त्रियांचे म्हणणे होते. पुढे २०१४ मध्ये आरोपींची निर्दोष मुक्तता झाली. उमेश विनायक कुळकर्णी यांनी २०२२ मध्ये यावर अनुबोधपटाच्या स्वरूपाची मालिका केली. ती नाट्यमालिका नसली, तरी गुन्हेमालिकेच्या विचारात तिचे स्थान आहे. कारण येथे खून कोणी केला हे रहस्यच नाही. न्याय देणारी यंत्रणा कोठे व कशी अपुरी पडली, हेच तपासाचे खरे सूत्र आहे. मार व कबुली यांना न्याय मानणारी साचेबंद मालिका आणि न्यायालयाच्या दारातच हाती शस्त्र घेणारा जमाव यांच्यामागे एकच निराशा आहे : रीतसर मार्गाने न्याय मिळणार नाही, ही. साचेबंद मालिका त्या निराशेवर चाळीस मिनिटांचा उतारा देते. चांगली मालिका तिची कारणे शोधते.

मूल्यमापन : गुन्हेमालिकेचे वेगळेपण ठरवणारे निकष यावरून निश्चित करता येतात. स्थळ हे केवळ पार्श्वभूमी न राहता गुन्ह्याच्या व तपासाच्या कारणांत सहभागी असावे. तपास हे वेळ, मनुष्यबळ व कायदा यांच्या मर्यादांतील काम म्हणून दिसावे. सत्य कळणे आणि ते सिद्ध होणे यांतील अंतर लपवले जाऊ नये. आणि मृत व्यक्ती ही कोड्याचा आरंभ नसून कोणाची तरी आप्त होती, याचा विसर पडू नये. या निकषांस मोठा खर्च लागत नाही, हे ‘एक शून्य शून्य’ने मर्यादित साधनांत दाखवून दिले.

मराठी मालिकांची निर्मिती मुख्यतः मुंबई व तिच्या परिसरात एकवटलेली आहे. त्यामुळे विदर्भातील खाणी व जंगले, मराठवाड्यातील दुष्काळी गावे, कोकणची बंदरे व सीमाभाग येथील ठाण्यांच्या रोजनामचांत दडलेले समाजचित्र पडद्यावर क्वचितच येते. जर्मनीप्रमाणे प्रादेशिक पथकांची परंपरा मराठीत निर्माण झालेली नाही. मानवतच्या उदाहरणाने मात्र हे सिद्ध केले आहे, की महानगराबाहेरील एका लहान गावातील प्रकरण, त्याच्या बोलीसह व त्याच्या मौनासह, सर्व मराठी प्रेक्षकांना खिळवून ठेवू शकते. खाप्यासारख्या गावातील फौजदाराची, तेथील पंचांची व साक्षीदारांची कथा ही तितकीच विश्वसनीय व अर्थपूर्ण गुन्हेमालिकेची सामग्री होय.